बीम बदलून बगू

आमच्या शेजारचे चिंतामणशेठ दर शुक्रवारी आपला चांगला चालता लॅपटॉप पुसून कोरा करतात. कोरा म्हणजे पाटी स्वच्छ. आत असेल-नसेल ते घालवायचं, वर नव्या जातीचं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली, चढवायचं, शनिवारी त्याचं कौतुक, सोमवारपासून त्याला शिव्या आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पुसापुशी. लोक उशांचे अभ्रे बदलतात तितक्या सहज हा माणूस अख्खा कॉम्प्युटर बदलतो.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली साखरेची वाटी पडायची तेवढी राहिली. मी कशेळीला एका गोडाऊनमध्ये बिलिंगला आहे. 'हे कायमचं पुसलं जाईल, चालेल का?' अशी चौकट स्क्रीनवर आली की मी अजूनही खुर्ची मागे सरकवते आणि साहेबांना हाक मारते. शेठनी ती चौकट वाचलीसुद्धा नाही. चष्मा कपाळावर ढकलला, एक बोट उचललं आणि बटण दाबून मोकळे झाले.

"शेठ, आत काही होतं का?" मी विचारलं.

"व्हतं ना. नातवाच्या बारशाचे फोटू."

"मग?"

"गेले." त्यांनी बशीतला चहा ओढला. "लेकीकडं हायेत. जुन्या बीमवर नवी क्वालिटी निंगते काय, बाय?"

बीम म्हणजे काय हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मागे सूत गुंडाळलेला जो जाडजूड रूळ असतो, तो बीम. संपला की उतरवायचा, दुसरा चढवायचा. आणि कापडाच्या जातीला इथे क्वालिटी म्हणतात. मागच्याच गल्लीत शेठचा स्वतःचा कारखाना होता. मंदीत लूम भंगारात गेले आणि त्या जागेत आता एका भाडेकरूच्या प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचून ठेवल्यात. लूम गेले तरी नावामागचं शेठ राहिलं आणि तोंडातली भाषाही राहिली. लिनक्सच्या जातींना जगात काय नावं असतील ती असोत, आमच्या मजल्यावर त्या क्वालिट्या आहेत आणि शेठ त्यांना पडद्यावरच्या चित्रावरून ओळखतात. जांभळी क्वालिटी, हिरवी क्वालिटी, डोंगरवाली. एक काळीकुट्टही होती. तिच्यात चित्रच नव्हतं, नुसती अक्षरं. त्या आठवड्यात शेठ जेवायलासुद्धा चिडून बसायचे.

शुक्रवारच का, तर त्या दिवशी लूमना सुट्टी. एरवी मागच्या चालू कारखान्यांच्या खटखटीत आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलतो. शुक्रवारी एकदम असं शांत होतं की नळ ठिबकलेला ऐकू येतो. बीम चढवायला मन जाग्यावर लागतं, असं शेठचं म्हणणं. एकेक क्वालिटी भरलेले त्यांचे पेनड्राइव्ह सुपारीच्या डब्यात असतात. डबा उघडायचा, बराच विचार करून एक उचलायचा, लॅपटॉपला अगरबत्ती ओवाळायची आणि मग माऊस काढून त्याच्या जागी पेनड्राइव्ह लावायचा. राख कीबोर्डात पडेल म्हणून मी एकदा टोकलं, तर म्हणाले, राखेनं मशीन मरत न्हाय, रुईनं मरतं.

रुईचं मात्र खरं आहे. सुताची बारीक रुई आमच्या हवेतच असते. पंख्यावर, खिडकीच्या जाळीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या राहिलेल्या दह्यावर. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी शिंकून शिंकून अर्धी झाले होते. इथली माणसं टीव्हीला, फ्रीजला, शिलाई मशीनला, सगळ्याला कव्हर घालतात. त्यामुळे खुर्च्यावाल्या भाडेकरूने आपल्या ऑफिसातला जुना लॅपटॉप, आत त्याच्या माणसाने घातलेल्या लिनक्ससकट, शेठना दिला तेव्हा मंजुळाकाकींनी आधी त्याचं माप घेतलं.

मंजुळाकाकी म्हणजे शेठची बायको. त्यांनी कारखान्याच्या शेवटच्या ताग्यातलं कोरं कापड काढलं आणि लॅपटॉपला अंगरखा शिवला. झाकणाचा वेगळा आणि खालचा वेगळा. खालचा बाजूंनी वर आणून कीबोर्डच्या काठापर्यंत दुमडलेला आणि हातशिलाईने जागच्या जागी पक्का केलेला. तो निघत नाही; काढायचा तर उसवावाच लागेल. पंख्याच्या जागी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा. चार्जरला एक काज, इंटरनेटच्या वायरीला एक, माऊसला एक. सगळ्या कडांनी लाल दोऱ्याची बारीक टीप. माझ्या लग्नातल्या शालूच्या फॉललाही इतकं नेटकं काम नव्हतं. मी बघतच राहिले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकींना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय अर्धा राहिला. डोळे साखरेने आधीच अधू. वज्रेश्वरीला त्यांचं माहेर. तिथे धाकटा भाऊ, काशिनाथमामा. त्यांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना एसटीत चढवत नाही आणि काकींना घराबाहेर पडवत नाही. मोबाइलवर मामांचा व्हिडिओ कॉल यायचा, पण तेवढ्याशा पडद्यात काकींना नुसता रंगांचा काला दिसायचा. आवाज ऐकायच्या आणि विचारायच्या, हा काशाच हाय ना?

तेव्हा शेठनी ठरवलं की लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर भाऊ दाखवायचा. इंटरनेटचा डबा गॅलरीत. त्यांनी तिथून लांब वायर ओढून आतल्या खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी भिंत धरून चालत होत्या, त्या वायरीत पाय अडकून पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी आतल्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. गॅलरीत खुर्ची मांडते म्हटलं तरी मान हलवायच्या. जमिनीवर साधा दोरा दिसला तरी अंग चोरायच्या. वायर तर घरातून हद्दपारच झाली.

म्हणजे वायफायच हवं. आणि वायफाय काही लागेना.

इथून शेठचे शुक्रवार सुरू झाले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या लॅपटॉपला काय काय केलं ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. तो छातीशी धरून ते घरभर फिरले. गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीवर चढले, ते मला खालून दिसलं आणि मी हातातली पिशवी टाकून वर धावले. वायफाय उंचावर पकडतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पतंग पकडतो वारा, मग हे का न्हाय, असा त्यांचा हिशेब. गॅलरीतल्या डब्याला त्यांनी तुळशीशेजारी हलवलं, मग देवघरात, मग परत गॅलरीत. वायफायचा पासवर्ड मोठ्याने म्हणून पाहिला. मी म्हटलं, अहो, एखाद्याला दाखवू या, मशीन उघडून बघेल. तर त्यांचा ठरलेला जबाब: "मशीनला काय झालं न्हाय. बीम बदलून बगू."

हे त्यांचं कारखान्यापासूनचं आहे, असं सगळे सांगतात. कापडात खोट आली की बाकीचे मालक फिटरला बोलवत, लूम खोलत. शेठ म्हणत, बीम बदला. कारखाना होता तोवर त्यांनी एक लूम उघडू दिला नाही. म्हणून मलाही वाटलं, स्वभाव आहे. म्हातारपणी खूळ वाढतं, तसं वाढलंय.

त्यातच त्यांना परदेशातला एक माणूस भेटला. इंटरनेटवर लिनक्सच्या अडचणी मांडायची जागा असते, तिथे शेठनी मोबाइलने पडद्याचे फोटो काढून टाकले आणि खाली आपली हकिकत लिहिली. मी ती वाचली आणि डोक्याला हात लावला. वायफायबद्दल एक ओळ आणि बाकी सगळं काकींबद्दल: झटका, साखर, कोणता डॉक्टर, कोणतं तेल. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मधेमधे इंग्रजी. आणि धक्का असा, की त्या माणसाने भाषांतर करून ते सगळं वाचलं आणि उत्तर दिलं. आधी काकींची तब्येत विचारली आणि मग वायफायचं. शेठ हरखून गेले. भला माणूस हाय, आपल्यातला वाटतो, असं मला दिवसातून दोनदा सांगायचे. जांभळी उतरवून हिरवी क्वालिटी चढवली तेव्हाची ही गोष्ट.

आणि मग एक दिवस त्यांनी त्याला लिहिणंच बंद केलं. का, काही नाही. विषय काढला की सुपारी कातरायला घ्यायचे. मी समजले, वाजलं असेल काहीतरी.

क्वालिट्या मात्र बदलत राहिल्या. चैत्र जवळ आला. वज्रेश्वरीची जत्रा म्हणजे काकींचा जीव की प्राण. देवीची पालखी त्यांच्या माहेरच्या दारावरून जाते, आणि लग्नानंतर एवढ्या वर्षांत ती चुकवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "औंदा पालखी कोन दावंल मला?" असं त्या एकदा नुसतं म्हणाल्या. शेठनी ऐकलं आणि मध्येच, बुधवारीच बीम उतरवला. मागे लूम खटखटत असताना, अगरबत्ती न लावता. तेव्हा मला कळलं की पाणी गळ्याशी आलंय.

मी गुपचूप पडद्याचा एक फोटो काढला. वायफायच्या नावापुढे इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं आणि शेठ ती खिडकी नेहमी घाईने बंद करायचे. आमच्या गोडाऊनचे कॉम्प्युटर बघायला एक माणूस येतो, त्याला तो दाखवला. त्याने पुरता बघितलाही नाही. म्हणाला, यात बिघाड काहीच नाही मॅडम. या जुन्या मॉडेलला पुढच्या कडेला वायफायचं छोटं सरकतं बटण असतं, ते बंद आहे. नखाने सरकवा.

नखाने! एवढे शुक्रवार, एवढ्या क्वालिट्या, ती पाण्याची टाकी, आणि नखाने सरकवा. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. रिक्षातून उतरले ती धावतच वर गेले. शेठ गॅलरीत होते. मी त्यांच्यापुढचा लॅपटॉप उचलला आणि पुढची कड चाचपली. कापडाखाली, बरोबर लाल टिपेच्या रेषेत, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा लागला. काकींनी जे जे लॅपटॉपला लावताना पाहिलं होतं, त्या प्रत्येकाला काज ठेवलं होतं. हे बटण त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. शेवटची टीप ओढून घट्ट केली तेव्हा कापडाने ते सरकवलं असणार.

"शेठ, सापडलं," मी म्हणाले. "अहो, या कव्हरमुळेच..."

शेठनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी कधी माझ्या पदरालासुद्धा हात लावलेला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

"हळू बोल, बाय," ते म्हणाले. "म्हाईत हाय मला."

कधीपासून, विचारलं. तर हिरव्या क्वालिटीपासून. परदेशातल्या त्या भल्या माणसानेच सांगितलं होतं, आणि पुढे रोज विचारत होता, सरकवलंत का? त्याला काय सांगणार, म्हणून लिहिणं थांबवलं. वरून दाबून पाहिलं होतं, फटीतून अगरबत्तीची काडी घालून पाहिली होती. बटण सरकायचं आणि काडी काढली की कापड त्याला ओढून परत जागेवर आणायचं.

मग दोन बोटं उसवू या की, मी म्हणाले. मी घालते परत टीप, याच लाल दोऱ्याने, कुणाला कळणारसुद्धा नाही.

शेठनी माझ्याकडे बघितलं. नंतर ते बोलले ते इतक्या हळू की मागच्या खटखटीत मला ओठांवरून अर्धं समजून घ्यावं लागलं.

"रोज दुपारी ती मांडीवर घेते याला. डोळ्यांनी दिसत न्हाय, डाव्या हातानं टीप चाचपते. तुजा टाका तिला समजल्याबगर ऱ्हानार न्हाय. आनि समजलं म्हंजे काय म्हनंल? माज्यापायी. तुमी घरात अडकलात, माज्यापायी. काशाची भेट न्हाय, माज्यापायी. दिवसभर ह्येच ऐकतो मी. तो हात आता परत चालनार न्हाय, बाय. त्या हातानं शेवटचं केलेलं काम हाय ह्ये. त्यालाबी खोट हाय म्हनून सांगू तिला?"

म्हणजे मी ज्याला खूळ म्हणत होते, त्या खुळात हा माणूस सगळं जाणून बसला होता. इतके शुक्रवार तो असं एखादं लिनक्स शोधत होता, ज्यात ते बटण बंद असतानाही वायफाय लागेल.

"असं असतं का पण एखादं?" मी विचारलं.

"न्हाय," शेठ म्हणाले. "मला तरी गावलं न्हाय."

"मग?"

त्यांनी सुपारीचा डबा पुढे ओढला. "बीम बदलून बगू."

मला रडू आलं आणि त्याच वेळी त्या माणसाचा भयंकर रागही आला. असं कुणी वागतं? नवऱ्यांच्या प्रेमाबद्दल माझ्या फार काही कल्पना नव्हत्या, आणि ज्या होत्या त्यात पाण्याच्या टाकीवर चढणं बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गोडाऊनच्या त्या माणसाला पुन्हा धरलं. बटणाला हात न लावता काही होईल का? का, म्हणून त्याने विचारलं, ते मी सांगितलं नाही. तो म्हणाला, नखाएवढं एक यंत्र मिळतं, माऊसच्या जागी लावायचं. ते आपलं आपण वायफाय पकडतं, त्या बटणाला विचारत नाही. संध्याकाळी बाजारात उतरून मी ते घेतलं आणि शेठच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं.

पण सुख इतकं सरळ कुठलं? डोंगरवालीने त्याला ओळखच दाखवली नाही. हिरवी म्हणाली, बघते, आणि गप्प बसली. जत्रा तोंडावर आली तसे शेठ वाळत चालले. शेवटी डब्याच्या तळाशी राहिलेली जांभळी त्यांनी बाहेर काढली. हीच ती पहिली क्वालिटी, जी 'हिला बाजारात कोन उभं करनार न्हाय' म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी उतरवली होती. ती चढवली, पेनड्राइव्ह काढून त्याच काजातून ते यंत्र आत सारलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात पंख्यासारखे चार पांढरे कंस उमटले; वायफाय लागलं. शेठ उठले, आणि जांभळीला दोन अगरबत्त्या ओवाळल्या. एक दिलगिरीची असावी.

जत्रेच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. काकी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, स्वच्छ लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. शेठ लॅपटॉप घेऊन उंबरा ओलांडून आत आले तशी त्यांनी आधी जमिनीकडे मान वळवली.

"वायर न्हाय ना?"

"न्हाय गं. बग." शेठनी लॅपटॉप हातात गोल फिरवून दाखवला, आणि मग काकींच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावर काशिनाथमामांचं तोंड आलं, एवढं मोठं की मिशीचा केस न् केस दिसावा. काकी पडद्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, काशा, किती वाळलास रे. मामांनी मोबाइल दाराबाहेर धरला. ढोल आला, गुलालाने सगळा पडदा लाल झाला आणि त्या लालीतून पालखी आली. माहेरच्या दारासमोर थांबली. काकींनी डावा हात कपाळाला लावला. शेठ पालखी बघत नव्हते. ते काकींकडे बघत होते, आणि मी त्या दोघांकडे.

पालखी पुढे गेली. काकींचा हात सवयीने कव्हरच्या कडेला आला, टिपेवरून सरकत सरकत माऊसच्या काजापाशी थांबला. तिथे माऊस नव्हता. बोटांना ते नखाएवढं यंत्र लागलं.

"ह्ये काय लावलंय?"

शेठ काकींजवळ पलंगावर बसले. "तुज्या काजातनं आलं नेट," ते म्हणाले. "येवढे दिवस मी वरनं बीम बदलीत बसलो. तू काज ठेवलं व्हतंस म्हनून जमलं. न्हायतर काशा दिसला नसता."

पडद्यावर अजून ढोल वाजत होता, मामा कुणाला तरी पेढे देत होते. काकींनी बोटाच्या टोकाने काजाची कड सावकाश, पूर्ण गोल फिरून तपासली.

"माऊसला जरा सैलच झालं व्हतं त्ये," त्या म्हणाल्या. "याला बरोबर बसलं."